पेज आणि पाताळगंगेच्या काठी : काठी, रीळ आणि तंगूस

कर्जत म्हटले की मुंबईकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, स्टेशनातला वडापाव आणि फार्महाऊस. आम्हा मुंब्र्याच्या लोकांना तिसरी गोष्ट आठवते, ती म्हणजे पाणी. एप्रिल-मेमध्ये रायगडातल्या बहुतेक नद्यांच्या पात्रात नुसते गोटे दिसतात. कर्जत शहरातून जाणारी उल्हास नदीसुद्धा त्या दिवसांत डबक्याडबक्यांची होते. पण तिथून पूर्वेला, घाटाच्या पायथ्याकडे गेलात तर पेज नदी खळखळून वाहताना दिसते. तिकडे खालापूर तालुक्यात पाताळगंगेचेही तसेच. पाणी वाहते आहे म्हणजे मासा आहे, आणि मासा आहे म्हटल्यावर कोकणी मुसलमानाच्या घरात गळाचा विषय निघणारच.

यंदा तो जरा जोरात निघाला. आमच्या खालाचा मोठा मुलगा, ज्याला आम्ही सगळे भाईजान म्हणतो, तो बारा वर्षांपासून कॅनडात टोरांटोजवळ राहतो. परीक्षा संपून मुलांना सुट्टी लागली त्या आठवड्यात तो आला, आणि सोबत माणसाच्या उंचीची एक पेटी घेऊन आला. त्यात दोन रॉड होते, दोन रीळ होते आणि चमकत्या पत्र्यांचा एक डबा. घरातल्या मुलांनी ती पेटी पाहिली त्या क्षणी कर्जतचा बेत ठरला. आम्ही एकूण सातजण, त्यांत दोन मुली. मासेमारी मुलग्यांनीच करायची असे आमच्या घरात कोणी मानत नाही. किंबहुना आमची दादी पेणच्या खाडीत हातगळ टाकायची.

भाईजानचे सामान सालमन माशासाठी होते, आणि ते वापरायची तऱ्हा वेगळी आहे. तिला ट्रोलिंग म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरचे ट्रॉलर जाळे ओढतात, त्याच्याशी हिची गल्लत करू नये. ट्रोलिंगमध्ये जाळे नसते. बोट अगदी सावकाश, म्हणजे ताशी तीन ते पाच किलोमीटर वेगाने चालवायची आणि मागे दोऱ्याला बांधलेले नकली आमिष ओढत न्यायचे. ओंटारियो सरोवर समुद्रासारखे विस्तीर्ण आणि खोल. उन्हाळ्यात सालमन वरच्या कोमट पाण्यात राहत नाही, खाली गार थरात उतरतो. मग चार-पाच किलोचे वजन तारेने खाली सोडतात, त्याला आपला दोरा चिमट्याने अडकवतात, आणि मासा लागला की दोरा चिमट्यातून सुटतो. तिथले चिनूक सालमन मूळचे पॅसिफिक महासागराकडचे. अमेरिका आणि कॅनडाच्या मोठ्या तलावांत त्यांची मोठी लागवड १९६०च्या दशकात सुरू झाली.

या पद्धतीला साजेसाच रॉड असतो. साडेआठ ते साडेदहा फूट लांब आणि लवचीक, कारण तो हातात धरायचा नसतो, बोटीच्या कडेला खुंटीत तासन् तास वाकून उभा असतो. रीळ आडव्या पिंपासारखे असते आणि त्यावर एक छोटा मीटर असतो, किती फूट दोरा बाहेर गेला ते सांगणारा. मासा चाळीस फुटांवर लागला की पुढचे आमिषही बरोबर चाळीस फुटांवर सोडता येते. त्यावर नऊ ते तेरा किलो ताण सोसणारा नायलॉनचा दोरा. सगळे अगदी विचार करून बनवलेले.

आणि पेजच्या काठी त्यातले बहुतेक निरुपयोगी. इथे बोट नाही. नदी रुंद नाही. काठावर उभे राहून आमिष वीस-पंचवीस मीटर दूर फेकायचे आहे, आणि ट्रोलिंगचे रीळ फेकण्यासाठी बनवलेलेच नसते. फेकायला गेले की पिंप दोऱ्यापेक्षा जोरात फिरते आणि दोऱ्याचा गुंता होतो. भाईजानला हे माहीत होते. तो म्हणाला, “हे मी मुलांना दाखवायला आणलंय. तिकडचं पाणी दाखवायला आणता येत नाही ना.” या बोलण्यातच आमच्या मते या विषयाचे सगळे सार आहे. सामान दुकानात पाहून घ्यायचे नसते. पाणी कसे आहे आणि त्यात मासा कोणता आहे, ते आधी पाहायचे आणि मग दुकानात जायचे.

तर आधी पाणी पाहू.

कल्याणला गाडी बदलून आम्ही कर्जतची लोकल धरली. नेरळला मुलांना खिडकीतून माथेरानच्या छोट्या गाडीचे रूळ दाखवले. दोन फूट रुंदीचा तो मार्ग सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधला आणि १९०७ साली तो सुरू झाला. आपल्या मुलांना हे नाव ठाऊक असायला हवे, म्हणून इथे लिहिले. पुढचे स्टेशन भिवपुरी रोड. पेजच्या पाण्याचा उगम ज्या भिवपुरी वीजगृहात आहे ते या स्टेशनाजवळ असेल असे समजून कोणी उतरू नये. वीजगृह लांब, पूर्वेला डोंगराच्या कुशीत आहे. कर्जतला उतरून कशेळ्याच्या दिशेने टमटम मिळते.

“पाण्याचा उगम वीजगृहात” असे वर लिहिले ते चुकून नव्हे. घाटमाथ्यावर आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. तिचे पाणी मुळात पूर्वेला, भीमेकडे जाणारे. टाटांनी ते अडवून डोंगरातून नळांवाटे पश्चिमेला खाली सोडले. सुमारे ५०० मीटरची उडी घेऊन ते पाणी भिवपुरीत चाके फिरवते, मुंबईला वीज देते, आणि काम झाले की पेज नदीत येते. भिवपुरी वीजगृह १९२२ सालचे. त्याआधी १९१५ साली खोपोलीचे सुरू झाले, ज्याचे पाणी पाताळगंगेला मिळते. म्हणजे ज्या पाण्याने बंगालच्या उपसागराला जायचे, ते शंभरेक वर्षांपासून कर्जत-खालापूरच्या शेतांतून अरबी समुद्राला जाते आहे. इकडचा उन्हाळी भात आणि भाजीचे मळे, शिवाय आमचा गळ, सगळे या उलट्या वाटेवर उभे आहे.

आता यातली काळजीची गोष्ट. हे पाणी पावसाच्या हिशेबाने येत नाही, विजेच्या हिशेबाने येते. मुंबईत मागणी वाढली की जास्त चाके फिरतात आणि नदी चढते. मागणी उतरली की नदी उतरते. आकाश निरभ्र असते, ऊन तळपत असते, आणि तुम्ही ज्या कातळावर उभे आहात तो अर्ध्या तासात चारही बाजूंनी पाण्यात जाऊ शकतो. बाहेरून आलेल्या माणसाला, त्यातून पोहता न येणाऱ्या पोराला, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. दर वर्षी कर्जत-खालापूर भागात सहलीला आलेल्या तरुणांच्या बुडण्याच्या बातम्या येतात आणि त्यांत आपल्या मोहल्ल्यांतली नावेही असतात.

म्हणून काठावर पोचल्यावर आम्ही पहिले काम करतो ते रॉड जोडण्याचे नाही. पाण्याच्या कडेला, ओल्या-कोरड्या रेषेवर, एक पांढरा गोटा ठेवतो. घरातल्या एकाचे काम फक्त त्या गोट्याकडे पाहण्याचे. त्या दिवशी हे काम आमच्या अकरा वर्षांच्या भाचीकडे होते. जुहरची नमाज वरच्या आंब्याखाली पढून आम्ही परत उतरत होतो, तेव्हा ती ओरडली, “मामू, गोटा गेला!” त्याच वेळी पलीकडच्या काठावरून एक म्हातारे कातकरी बाबा हातवारे करत म्हणाले, “पानी सुटलं, वर जा, वर!” आम्ही सामान उचलून वर गेलो. पंधरा-वीस मिनिटांत आमची बसायची जागा गुडघाभर पाण्याखाली होती. पाणी गढूळ नव्हते, आवाजही फार नव्हता. नुसते चढले.

या एका गोष्टीवरून सामानाच्या निवडीतला पहिला नियम निघतो. सामान इतकेच घ्यावे की एका हातात उचलून चढणीला लागता येईल. घडीच्या खुर्च्या, तीन-तीन रॉड, रॉड टेकवायचे स्टँड, बर्फाची पेटी, हे सगळे शेततळ्यांवर ठीक. कर्जत तालुक्यात अशी खासगी तळी आहेत, जिथे रोहू, कटला, रूपचंद सोडलेले असतात आणि गळामागे पैसे देऊन बसता येते. लहान मुले आणि म्हातारी माणसे असतील तर आम्ही तिथेच जायला सांगू. नदीवर मात्र एका माणसाला एक रॉड आणि खांद्याला एक पिशवी.

रॉड कोणता? सात ते आठ फुटांचा, दोन तुकड्यांचा, मध्यम ताकदीचा. यापेक्षा आखूड घेतला तर काठावरच्या करंजाच्या आणि उंबराच्या फांद्या चुकवून फेकता येत नाही. यापेक्षा लांब घेतला तर त्याच फांद्यांत वर अडकतो. रॉडवर मुठीच्या थोडे वर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की तो किती ग्रॅम वजन फेकू शकतो. १० ते ४० ग्रॅम लिहिलेला रॉड इथल्या सगळ्या कामाला पुरतो. दुर्बिणीसारखे एकात एक जाणारे रॉड लोकलच्या गर्दीत सोयीचे दिसतात, मुलांना आवडतातही, पण त्यांचे सांधे लवकर ढिले होतात आणि वाळूचा एक कण आत गेला की उघडझाप करकर वाजते. आम्ही दोन तुकड्यांचा रॉड जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून नेतो. घेताना प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. कापूस अडकला तर तिथे चीर आहे आणि तिथेच उद्या तुमचा दोरा कापला जाणार.

काचतंतूचा रॉड जड पण दणकट. कार्बनचा हलका, हाताला माशाची बारीक टोचणीही कळवणारा, पण आपटला तर तुटतो. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, आणि ही बाब कर्जत-खोपोलीकडे फार महत्त्वाची आहे. वीजगृहांपासून निघालेल्या तारा इथल्या शेतांवरून, नदीवरून गेल्या आहेत. रेल्वेच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. रॉड जोडून खांद्यावर उभा धरून फलाटावर चालणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. रॉड काठावरच जोडायचा, काठावरच सोडायचा, आणि डोक्यावर तार दिसली तर ती जागा सोडायची. सुरुवातीला काचतंतूचाच घ्यावा, असे आमचे मत. मुलाच्या हातून तो दहा वेळा पडला तरी चालतो.

रीळ साधे, रॉडच्या खाली लटकणारे, तारेची कमान असलेले. त्याचे माप ३००० किंवा ४००० असे आकड्यात लिहिलेले असते. यात दोरा गुंडाळायचा भाग फिरत नाही, फेकताना दोरा नुसता वेटोळे सोडत जातो, म्हणून नवशिक्याचाही गुंता होत नाही. हँडल डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना लावता येते. डावखुऱ्या मुलांच्या आयांनी हे दुकानदाराकडून बदलून घ्यावे. रीळ घेताना चेंडूच्या छऱ्यांचे आकडे मोजत बसू नये. दहा छऱ्यांचे स्वस्त रीळ चार छऱ्यांच्या चांगल्या रिळापेक्षा वाईट असू शकते. हँडल सावकाश फिरवून पाहा, कुठे अडखळते का. मग पुढची गोल चकती, म्हणजे ड्रॅग, घट्ट करून दोरा ओढून पाहा. दोरा झटक्या-झटक्याने सुटत असेल तर ते रीळ परत ठेवा. तो एकसारखा सुटायला हवा. आम्ही रॉड आणि रीळ मिळून दीड ते तीन हजार रुपयांच्या आत घेतो, त्याहून जास्तीची नदीला गरज वाटत नाही.

आता तंगूस. मुंबईत आणि कोकणात नायलॉनच्या दोऱ्याला हाच शब्द आहे, मोती ओवणाऱ्या बायकाही हाच वापरतात. सगळ्या सामानात ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि आम्ही सर्वांत जास्त वेळ हिच्यावर घालवतो.

हल्ली दुकानात विणलेला दोरा पुढे करतात. तो बारीक असतो, त्याच ताकदीच्या तंगूसाच्या निम्म्या जाडीचा, आणि दूर जातो. पण तो ताणला जात नाही आणि दगडावर घासला की कापसासारखा सुटतो. पेजचे पात्र काळ्या कातळाचे आहे. कातळाला धारदार कडा आणि रांजणखळगे आहेत. मासा लागला की पहिली धाव त्या कडांकडेच घेतो. साधा तंगूस तिथे जास्त टिकतो आणि रबरासारखा थोडा ताणला जातो, त्यामुळे माशाचा झटका सोसतो. आम्ही ०.३५ मिलिमीटर जाडीचा घेतो, जो साधारण सात-आठ किलो ताण सोसतो.

यावर जाणकार हसतात. दोन किलोच्या रोहूला आठ किलोचा दोरा कशाला? बारीक दोऱ्यावर मासा खेळवण्यात मजा असते, असे म्हणतात. आमचे उत्तर थोडे वेगळे आहे. अल्लाहने पाण्यातली शिकार आपल्यासाठी हलाल केली आहे, सूरह माइदाच्या ९६व्या आयतीत ते स्पष्ट आहे. मासा जबह करावा लागत नाही, हीही सवलतच. पण जिवंत प्राण्याला निशाणा बनवून खेळ करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे, हेही आपण मुलांना शिकवतो. बारीक दोरा तुटला की मासा तोंडात गळ आणि मागे पाच मीटर तंगूस घेऊन जातो. तो दोरा मुळ्यांत अडकतो आणि मासा तिथेच कित्येक दिवस झगडत मरतो. तो कोणाच्या ताटात येत नाही. पाव तासाचा खेळ लांबवण्यासाठी हे करणे आम्हाला पटत नाही. मासा लवकर काठावर यावा, खायचा असेल तर डोक्यावर एका फटक्यात मारावा, लहान असेल तर ओल्या हाताने गळ काढून सोडावा. कोरड्या हाताने धरले तर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे आजारी पडतो. गळाचा मागचा काटा पकडीने आधीच दाबून टाकला की तो काढायला क्षणभर लागतो.

ड्रॅग किती घट्ट ठेवायचा याचा हिशेब सोपा आहे. दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. रद्दीवाल्याकडे असतो तसला आकड्याचा काटा दोऱ्याच्या टोकाला बांधा, रॉड वाकवून ओढा, आणि अडीच किलोला दोरा सुटू लागेल इतपत चकती फिरवा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या गरमीने नायलॉन तिथेच कमजोर होतो. उन्हाने तंगूस कडक होतो, म्हणून रीळ गॅलरीत टांगून ठेवू नये आणि दोरा दर हंगामाला बदलावा. जुना दोरा कात्रीने बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकावा. नदीकाठी टाकलेल्या तंगूसात खंड्या आणि बगळे पाय अडकून मरतात.

मरळ माशासाठी एक वेगळी गोष्ट. हा मासा काठाच्या गवतात, शेवाळात दबा धरतो आणि बेडकावर झडप घालतो. त्यामुळे बरेचजण जिवंत बेडूकच गळाला लावतात. बेडूक मारण्यास मनाई करणारी हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे, एका हकिमाने औषधात घालण्याविषयी विचारले होते तेव्हाची. आमच्या मुलींनी रबराचा बेडूक वापरला. त्याचे गळ पाठीकडे वळलेले असतात, म्हणून गवतातून ओढला तरी अडकत नाही. मोठ्या भाचीला सव्वा किलोची मरळ लागली ती त्याच्यावरच. रोहूसाठी आमिष मात्र स्वयंपाकघरातले होते. शेंगदाण्याची पेंड, कणीक, भाजलेली मेथी आणि बडीशेप. वहिनी म्हणाल्या की एवढा मसाला आमच्या वाट्याला येत नाही.

पाणी चढले तेव्हा हात करणारे ते कातकरी बाबा नंतर उतारावरून आमच्याकडे आले. त्यांचे सामान म्हणजे पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, एक गळ आणि बांधायला छोटा दगड. बाटली डाव्या हातात आडवी धरून उजव्या हाताने दगड फिरवून ते दोरा सोडायचे, आणि तो बाटलीवरून अगदी आमच्या रिळासारखाच वेटोळे सोडत जायचा. भाईजान बघतच राहिला. त्यांनी तासाभरात दोन वाम आणि चार चिलापी काढल्या. आम्हा सातजणांची मिळून एक मरळ आणि तीन चिलापी. त्यांच्या घरी ते रात्रीचे कोरड्यास होते, आमच्याकडे सुट्टीचा दिवस. हा फरक ध्यानात ठेवून आम्ही त्यांच्या डोहापासून बरेच खाली बसलो. बाबा सांगत होते की पूर्वी हातभर मासे निघायचे, आता कोणी जिलेटिन टाकते, कोणी ब्लिचिंग पावडर, कोणी तारेवरून करंट सोडते आणि पिल्लासकट सगळे मरते. “तुमच्या काठीने नदी रिकामी व्हायची नाय,” ते म्हणाले. “करंटवाल्यांनी होते.”

दुसऱ्या दिवशी कर्जतहून खोपोलीची गाडी धरली. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली अशी छोटीशी शाखा आहे, गाड्या मोजक्या, वेळापत्रक पाहून निघावे. पाताळगंगेचे पाणी पेजपेक्षा रुंद आणि काही ठिकाणी जोरदार. तिथे आम्ही शिशाचे वजन वाढवून चाळीस ग्रॅमचे लावले, बाकी सामान तेच. मासे फारसे लागले नाहीत. कारखान्यांच्या खालच्या अंगाला पकडलेला मासा आम्ही घरी आणत नाही, त्यामुळे वरच्याच भागात राहिलो.

इथे महाशीर मिळतो का, असे मुले विचारत होती. महाशीर हा आपल्या दख्खनचा राजा मासा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याकडच्या नद्यांतून पाहून १८३९च्या सुमारास त्याचे शास्त्रीय वर्णन केले. घाट चढून गेले की लोणावळ्याला वलवणच्या तलावाकाठी त्याचे पैदास केंद्र आहे, टाटांनीच १९७०च्या दशकात सुरू केलेले. तिथली पिल्ले देशभरच्या नद्या-तलावांत सोडली गेली. खाली कधी एखादा लागला, तर आमच्या घरचा ठराव असा की फोटोसुद्धा पाण्यातच काढायचा आणि सोडून द्यायचा.

परतताना रिक्षाने खालापूरहून चौकमार्गे कर्जतला आलो. उजवीकडे इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३च्या रात्री त्याच्या अंगावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. रिक्षावाल्याने न सांगता वेग कमी केला, आम्ही हात उचलून दुआ केली. जवळच मोरबे धरण आहे, नवी मुंबईला पिण्याचे पाणी देणारे. मुलांना तिथे थांबायचे होते, पण धरणांच्या पाण्यात कोणीही जाऊन गळ टाकावा असे नसते. मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेले असतात आणि परवानगी आधी काढावी लागते.

कधी जावे, हेही विचारतात. नोव्हेंबर ते मे. जूनचा पहिला पाऊस पडला की रायगडात वलगण चढते. नदीतले मासे अंडी घालायला उलट पोहत ओहोळांतून थेट भातखाचरांत येतात, हाताने उचलावेत इतके. पोटात गाबोळी असते. गावची माणसे चार मासे घेतात, ते पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. पण शहरातून गाड्या भरून त्या दिवसांत मासे लुटायला जाणे आम्हाला पटत नाही. सूरह आराफमध्ये शनिवारी किनाऱ्याशी येणाऱ्या माशांची आणि त्या वस्तीची हकीकत आहे, ती मुलांना त्या वेळी जरूर सांगावी. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात. आमचे रॉडही तेवढे दिवस, किंबहुना पाणी निवळेपर्यंत, कपाटावर असतात.

नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून पुष्कळ घरांत तो खात नाहीत. त्याला उपाय आहे. मरळीचे कातडे सोलून काढावे, पोटातली काळी पातळ साल मिठाने घासून टाकावी, मग तुकड्यांना बेसन आणि लिंबू चोळून पंधरा मिनिटे ठेवून धुवावेत. नंतर आले-लसूण, हळद, लाल तिखट आणि चिंचेचा कोळ. तवा चांगला तापलेला हवा. चिलापी लहान असेल तर अख्खीच तळावी, तिरक्या चिरा देऊन. आमची सव्वा किलोची मरळ सातजणांना पुरली नाही, म्हणून कर्जत बाजारातून एक किलो रोहू विकत आणला होता. दादीने कोणता तुकडा कशाचा ते बरोबर ओळखले.